स्कोअर वाढला, काउंटरवर काय झालं ते सांगते

मला आता बरेच जण विचारतात की तू ते कम्प्युटरवरचं ब्रेन ट्रेनिंग केलंस ना कोविडनंतर, मग फरक पडला का, आम्ही पण करू का, आमच्या मावशीला डेंग्यूनंतर काही लक्षातच राहत नाही वगैरे. प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगून मी दमते आणि दमणं मला अजूनही फारसं परवडत नाही, म्हणून एकदाच सगळं टाइप करून ठेवतेय. लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

मी फार्मासिस्ट आहे. मुलुंड वेस्टला एका मेडिकलमध्ये बरीच वर्षं नोकरी करते, राहायला भांडुपला. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं काय ते काम, चिठ्ठी घ्या, स्ट्रिप काढा, पैसे घ्या. संध्याकाळी सात ते साडेनऊ एकदा काउंटरच्या आत उभं राहून बघा म्हणावं. एक जण चिठ्ठी पुढे करतोय, दुसरी बाई मोबाइलवरचा फोटो दाखवतेय आणि तो फोटोही हललेला, तिसऱ्या आजोबांना "ती पांढरी गोल, मागच्या वेळी दिलेली" हवीय, लँडलाइनवर कुणीतरी होम डिलिव्हरी सांगतंय, आणि डोक्यात चालू असतं की हे ग्लिमेपिराइड लिहिलंय की ग्लिक्लाझाइड, एक एमजी की दोन, क्लोनाझेपाम की क्लोबाझाम, आणि अल्प्राझोलामची चिठ्ठी असेल तर एच-वनच्या, म्हणजे सक्तीने नोंद ठेवायच्या औषधांच्या, रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिल्या ते सगळं लिहायचंय. हे सगळं मी गप्पा मारत मारत करायचे. माझा त्यात रुबाब होता म्हणा ना.

जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट आली, ७ जानेवारीला मुंबईत एका दिवसात २०,९७१ केसेस निघाल्या होत्या, त्याच आठवड्यात मीपण पॉझिटिव्ह. दोन डोस झालेले. थोडा ताप, घसा, अंगदुखी, घरातच बरी झाले, हॉस्पिटलचं तोंडही बघितलं नाही. सगळे म्हणाले स्वस्तात सुटलीस.

खरा त्रास त्यानंतर सुरू झाला. चिठ्ठीवरचं नाव वाचायचं, रॅककडे वळायचं, आणि रॅकपर्यंतच्या चार पावलांत ते नाव गायब. परत वळून वाचायचं. दोन माणसं एकदम बोलली की दोघांचंही काही आत जायचं नाही, नुसता आवाज. पाचशेतून तीनशे सत्तेचाळीस वजा करायला मी कॅल्क्युलेटर शोधायला लागले. ट्रेनमध्ये अनाउन्समेंट ऐकू यायची पण अर्थ लागायला उशीर व्हायचा. आणि दुपारनंतर डोक्याला असा काही जडपणा यायचा की कुणी "वहिनी" म्हणून हाक मारली तरी राग यायचा. शेठनी माझा चेहरा बघून स्वतःहून मला काउंटरवरून काढून मागे स्टॉक आणि एक्सपायरी बघायला बसवलं. त्यांनी चांगुलपणानेच केलं, पण मी घरी येऊन खूप रडले.

घरचे उपाय लगेच सुरू झाले, सासूबाईंनी बदाम भिजत घातले, नणंदेने ब्राह्मीचं तेल पाठवलं, हे म्हणाले सुट्टी घे, कोकणात जाऊन येऊ. कोकणात जाऊन आलो. फरक शून्य, फक्त वजन वाढलं.

मग रीतसर डॉक्टर. फॅमिली डॉक्टरांनी आधी रक्त तपासलं, त्यात बी-ट्वेल्व्ह बरंच कमी निघालं (आम्ही घरी जवळपास शाकाहारीच), थायरॉइड ठीक, हिमोग्लोबिन जेमतेम. बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं सुरू झाली. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागेल. न्यूरोलॉजिस्टकडे एमआरआय नॉर्मल. तिथेच ती तीस मार्कांची मोका नावाची चाचणी झाली, घड्याळ काढा, शंभरातून सात सात वजा करत जा, पाच शब्द लक्षात ठेवा. त्यात २६ किंवा जास्त म्हणजे नॉर्मल धरतात आणि मला पडले २७. झालं! घरी सगळ्यांना आनंद, आणि मला वाटलं आता कुणी माझ्यावर विश्वास ठेवणार नाही. अहो, ती चाचणी मुळात वयस्कर लोकांमधला विसराळूपणा लवकर पकडायला केलेली. शांत खोलीत, एकाच माणसासमोर, एका वेळी एकच प्रश्न. तिथे तर मी आजही पास होईन. सात वाजताच्या गर्दीची चाचणी ती घेतच नाही.

न्यूरोलॉजिस्ट भले होते, म्हणाले कोविड होऊन तीन महिने झाले तरी लक्षणं आहेत, दोन महिन्यांपेक्षा जास्त टिकलीयत आणि दुसरं कारण पूर्ण जुळत नाही, तर डब्ल्यूएचओच्या २०२१ च्या लाँग कोविडच्या व्याख्येत हे बसतं. कागदावर तसं लिहून दिलं. आणि दादरला एका न्यूरोसायकॉलॉजिस्ट मॅडमकडे पाठवलं.

मॅडमकडची टेस्टिंग म्हणजे अर्धा दिवस. आकडे ऐकून उलटे म्हणायचे, कागदावर विखुरलेले आकडे आणि अक्षरं आलटून पालटून रेघेने जोडायची, चिन्हं बघून आकडे भरायचे आणि वर स्टॉपवॉच. एक टास्क असा होता की 'प' पासून एका मिनिटात जमतील तेवढे शब्द सांगा, विशेषनामं नकोत. मी सुरू, पाणी, पान, पॅरासिटामॉल, पँटोप्राझोल, प्रेगाबालिन, प्रोप्रानोलॉल, प्रेडनिसोलोन. मॅडमनी पेन थांबवून विचारलं, ही सगळी विशेषनामं नाहीत का? मी म्हटलं मॅडम ही जेनेरिक नावं आहेत, ब्रँड नाहीत, विशेषनाम कसं होईल. त्या हसल्या आणि मार्क दिले. त्या सगळ्या उदासीच्या काळात मला तेवढंच काय ते जिंकल्यासारखं वाटलं होतं.

रिपोर्टमध्ये आलं की स्मरणशक्ती तशी शाबूत आहे, पण माहिती घेण्याचा वेग आणि दोन कामांत लक्ष वाटून घेण्याची ताकद माझ्या वयाच्या आणि शिक्षणाच्या मानाने चांगलीच खाली आहे. म्हणजे मी "विसरत" नव्हतेच, ते नाव आत नीट पोचतच नव्हतं! हे कागदावर वाचलं आणि मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. नंतर २०२४ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये ब्रिटनचा मोठा अभ्यास आला, १ लाख १२ हजारांवर लोकांनी ऑनलाइन चाचण्या दिलेल्या, त्यात कोविड होऊन पूर्ण बरं वाटलेल्यांमध्येसुद्धा सरासरी ३ आयक्यू पॉइंटएवढी घट दिसली आणि ज्यांची लक्षणं टिकून राहिली त्यांच्यात ६ एवढी. तो मी ह्यांना वाचून दाखवला. मनाचे खेळ वगैरे बोलणं तेव्हापासून बंद.

आता मुख्य विषय. मॅडमच्या क्लिनिकमध्ये ट्रेनिंगचं पॅकेज होतं, आठवड्यातून काही वेळा तिथे जायचं आणि बाकीचे दिवस घरी लॅपटॉपवर करायचं. क्लिनिकमधल्या सेशनला बाराशे रुपये, इन्शुरन्समध्ये काही मिळत नाही. दिरांनी ऐकलं आणि म्हणाले, गेम खेळायला पैसे? आणि आमची लेक, जिच्या स्क्रीन टाइमवर मी रोज ओरडायचे, ती रोज संध्याकाळी कमरेवर हात ठेवून, आई झाला का तुझा गेम?

व्यायाम कसे असतात ते सांगते. एकात स्क्रीनच्या मधोमध क्षणभर गाडी दिसते, कार की ट्रक ते ओळखायचं आणि त्याच क्षणी कडेला कुठेतरी एक चिन्ह चमकतं ते कुठे होतं तेही सांगायचं. बरोबर आलं की पुढच्या वेळी ते अजून कमी वेळ दिसतं. दुसऱ्यात चित्रं एकामागून एक येतात, आत्ताचं चित्र दोन चित्रांपूर्वीच्या चित्रासारखं असेल तरच बटण दाबायचं, आणि हे डोक्याचा अक्षरशः भुगा करतं. तिसऱ्यात चौकोन ज्या क्रमाने उजळले तो क्रम उलटा. एकात हिरवं आलं की दाबा, लाल आलं की हात आवरा, ऐकायला सोपं पण हात आवरत नाही. असे बरेच.

सुरुवातीला ह्या प्रकाराने माझं डोकं फिरायचं कारण कितीही केलं तरी मी चुकतच असायचे. मग मॅडमनी समजावलं की सॉफ्टवेअरची रचनाच तशी आहे, तुम्ही बरोबर असलात की ते अवघड होतं आणि चुकलात की सोपं, म्हणजे तुम्ही कायम तुमच्या टोकावरच असणार, आरामात बरोबर यायला लागलं तर ट्रेनिंगच नाही. पटलं. पण हे पहिल्याच दिवशी सांगायला काय जातं? आधीच खचलेल्या माणसाला समोरची स्क्रीन सारखी चूक दाखवते, अर्धे लोक तिथेच सोडून देत असतील.

आणि दुसरी गोष्ट, जी कुठल्याच जाहिरातीत नसते. सुरुवातीला मी दुकानातून घरी येऊन, स्वयंपाक उरकून, रात्री पूर्ण वेळ बसून ते करायचे, जिद्दीने. दुसऱ्या दिवशी, कधी तिसऱ्या दिवशी, मी चादरीसकट पडून. अंग जड, डोकं जड, बोलायला शब्द नाहीत. कोविडनंतर आणि एमई-सीएफएस नावाच्या, न हटणाऱ्या थकव्याच्या आजारात हे असतं, झेपेल त्यापेक्षा जास्त झालं की त्याच दिवशी कळत नाही, एक-दोन दिवसांनी कोसळायला होतं, आणि ते जास्त होणं डोक्याच्या कामानेसुद्धा होतं, फक्त चालण्या-धावण्यानेच होतं असं नाही. उपचारांच्या गाइडलाइन काढणाऱ्या ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२१ मध्ये एमई-सीएफएसच्या गाइडलाइनमधून तो दर आठवड्याला व्यायाम ठरवून वाढवत न्यायचा प्रकार काढून टाकला तो ह्याच कारणाने, पेशंटना त्याने त्रास वाढल्याच्या तक्रारी होत्या. मॅडमनी ताबडतोब माझा वेळ निम्म्यावर आणला, सकाळी करायला लावलं, आणि नियम दिला की थकवा जाणवायच्या आधी थांबायचं. आता आधी म्हणजे कधी, हे कसं कळणार?

तर ते मला त्या सॉफ्टवेअरच्या ग्राफने शिकवलं, आणि माझ्या मते मी दिलेल्या पैशांची खरी वसुली तिथे झाली. प्रत्येक वेळच्या उत्तराचा वेग त्यात मिलिसेकंदात दिसायचा. मी वहीत बाजूला लिहायला लागले, आदल्या दिवशी कुठली शिफ्ट होती, झोप किती, जेवण कधी झालं, पाळी, दगदग, कुणाच्या लग्नाला जाऊन आलो. काही आठवड्यांत चित्र इतकं स्पष्ट दिसायला लागलं की मी चाट पडले. संध्याकाळची शिफ्ट केली की दुसऱ्या सकाळी वेग घसरलेला. दुपारचं जेवण तीनला ढकललं की घसरलेला. गुरुवारी माझी सुट्टी, शुक्रवारी सकाळी एकदम छान. आणि एका सेशनमध्येसुद्धा, मला थकल्यासारखं वाटायच्या बऱ्याच आधी आकडे मंदावायला लागायचे. थर्मामीटरने ताप उतरत नाही पण कधी चढतोय ते कळतं, तसं ते मशीन मला उपयोगी पडलं.

ती वही घेऊन मी शेठकडे गेले. म्हटलं मला सकाळची शिफ्ट द्या, महिन्याच्या औषधांचे जे ठरलेले पेशंट आहेत, बीपी-शुगरवाले, ते सगळे माझ्याकडे, आणि संध्याकाळची गर्दी दुसऱ्या फार्मासिस्टला. शेठ ग्राफ बघत बसले, त्यांना शेअर बाजाराची सवय, त्यांना तो लगेच कळला.

दुसरी उपयोगी गोष्ट कम्प्युटरवरची नव्हतीच. सेशनच्या शेवटी मॅडम थोडा वेळ फक्त माझ्या कामाबद्दल बोलायच्या, नेमकं काउंटरवर काय होतं, कुठे अडतं. त्यातून ठरलं की एक चिठ्ठी, एक ट्रे. त्या चिठ्ठीचं सगळं त्या ट्रेमध्ये, ती संपल्याशिवाय दुसरी हातात घ्यायची नाही, समोरचा कितीही "एकच गोळी द्यायचीय ताई" म्हणाला तरी. स्ट्रिप हातात घेतली की नाव, एमजी आणि एक्सपायरी तोंडाने मोठ्याने म्हणायची. फोन दुकानातला पोरगा उचलेल. पहिले काही दिवस गिऱ्हाइकं बघत राहायची की ह्या बाई स्वतःशी काय बोलतायत, आता तेच म्हणतात की तुमच्याकडे खात्री असते. ट्रेची पद्धत आता आमच्या अख्ख्या दुकानात आहे.

मग स्कोअरचं काय? वाढला ना, भरपूर वाढला. तो गाडीचा व्यायाम शेवटी मी अशा वेगाने करायचे की लेक हरायची. आणि त्याच आठवड्यात भांडुपच्या भाजीवाल्यासमोर तीन भाज्यांचा हिशोब मला जमत नव्हता. हे मी मॅडमना विचारलं तर त्यांनी आडपडदा ठेवला नाही, म्हणाल्या ज्याचा सराव करता ते सुधारतं, त्याचा बाकी आयुष्यात किती उपयोग होतो हाच ह्या क्षेत्रातला जुना वाद आहे. मी मग वाचत सुटले (वाचन म्हणजे दहा मिनिटं वाचायचं आणि डोळे मिटून पडायचं). २०१० मध्ये नेचर ह्या विज्ञानाच्या जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, ११,४३० लोकांनी सहा आठवडे ऑनलाइन ट्रेनिंग केलं, खेळात सगळे सुधारले, बाहेर काही उतरलं नाही. अमेरिकेत अॅक्टिव्ह नावाचा अभ्यास झाला, ६५ च्या पुढचे २८३२ लोक, त्यात ज्यांना स्मरणाचं ट्रेनिंग दिलं त्यांचं स्मरण, ज्यांना वेगाचं दिलं त्यांचा वेग, जे दिलं तेच सुधारलं. आणि २०१६ मध्ये तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक बघणाऱ्या सरकारी संस्थेने, ल्युमॉसिटी ह्या ब्रेन ट्रेनिंग अॅपच्या कंपनीवर फसव्या जाहिरातींचा ठपका ठेवला, कंपनीने २० लाख डॉलर भरून ते प्रकरण मिटवलं. मी औषधाच्या धंद्यात आहे, टॉनिकच्या बाटल्यांवरचे दावे रोज वाचते, मला ह्यात नवल वाटलं नाही.

पण हे सगळे अभ्यास कोविडवाले नव्हते म्हणून मी वाट बघत होते. तसा अभ्यास आला नोव्हेंबर २०२५ मध्ये, जामा न्यूरॉलॉजी ह्या मेडिकल जर्नलमध्ये, लाँग कोविडवरच्या अमेरिकेच्या सरकारी रिकव्हर प्रकल्पाचा. कोविडनंतर डोक्याचा त्रास राहिलेले ३२८ लोक, पाच गट, दहा आठवडे. काहींना ब्रेनएचक्यू हे ट्रेनिंग, काहींना त्याच्याबरोबर थेरपिस्टचा कार्यक्रम, काहींना ट्रेनिंगबरोबर डोक्याला बाहेरून सौम्य करंट, काहींना ट्रेनिंगबरोबर खोटा करंट, आणि एका गटाला नुसती कम्प्युटरवरची कोडी आणि साधे गेम. निकाल असा की कुठलाच गट दुसऱ्यापेक्षा सरस ठरला नाही. थोडंफार बरं मात्र सगळ्याच गटांना वाटलं.

हे वाचून दीर म्हणाले, बघ, मी म्हटलं होतं. मला तसं वाटत नाही आणि ते सोडून द्यायलाही मी तयार नाही. सगळे गट थोडे सुधारले म्हणजे काय काय असू शकतं, वेळ गेला म्हणून सुधारले, कुणीतरी दर आठवड्याला विचारपूस करतंय म्हणून सुधारले, नुसतं रोज ठरलेल्या वेळी बसल्यामुळे सुधारले. माझ्या बाबतीतही तेच. मी आज बरीच बरी आहे, पूर्वीची नाही पण बरीच बरी, आणि ते बी-ट्वेल्व्हमुळे की सकाळच्या शिफ्टमुळे की झोपेमुळे की मधे गेलेल्या काळामुळे की त्या गाड्या आणि ट्रकमुळे, हे मला कुणी विचारलं तर मी छातीठोक सांगू शकत नाही. सगळं एकाच वेळी चालू होतं. एका पेशंटला पाच औषधं एकदम सुरू केली तर कुठलं लागू पडलं ते ब्रह्मदेवालाही कळत नाही, हे मी गिऱ्हाइकांना नेहमी सांगते.

पॅकेज संपल्यावर मी सॉफ्टवेअरचं सबस्क्रिप्शन पुढे चालू ठेवलं नाही. पण त्यातला हिरवं-लालवाला साधा रिअॅक्शन टाइमचा प्रकार फुकटात मिळतो, तो सकाळी चहाबरोबर करते, वहीत आकडा टाकते. दोन दिवस सलग मंद आला की त्या दिवशी धुणं-भांडी ह्यांच्याकडे आणि दुकानात स्टॉकचं काम मागून घेते. वेग सुधारावा म्हणून मी ते करतच नाही.

परवाच आमची एक ठरलेली गिऱ्हाईक मुलाला घेऊन आली, कॉलेजचा मुलगा, सप्टेंबरात डेंग्यू झालेला, अभ्यासात लक्ष लागत नाही म्हणून कुठल्यातरी सेंटरने वर्षभराचं ब्रेन ट्रेनिंगचं पॅकेज सांगितलंय, रक्कम ऐकून मला घाम फुटला. मी विचारलं बी-ट्वेल्व्ह, थायरॉइड, हिमोग्लोबिन बघितलं का, नाही. झोपतो किती वाजता, तर मुलगा आईकडे बघायला लागला. सेंटरवाल्यांनी त्याच्या कॉलेजबद्दल, लेक्चरबद्दल, कुठे अडतं ह्याबद्दल काही विचारलं का, तर नाही, स्क्रीनवर टेस्ट घेतली आणि पॅकेज सांगितलं. म्हटलं आधी फॅमिली डॉक्टरकडे जा, आणि त्या सेंटरला फोन करून विचारा की महिना महिना करून पैसे घेता का आणि मधे सोडलं तर परत देता का. ते काय म्हणतात ते मला येऊन सांगा, पण सकाळी या, अकराच्या आत.